ब्रिटनमधलं एका वर्षाचं मास्टर्स: धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास करायचा असेल तर

धर्म या विषयात मास्टर्स करायला ब्रिटनला जावं का, असं विचारणाऱ्याला आमचं उत्तर ठरलेलं आहे. संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा असलेला कोर्स निवडला असेल आणि डिसर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या लघुप्रबंधाचा, विषय विमानात बसण्याआधी निम्माअधिक पक्का असेल, तर जरूर जावं, वर्ष सत्कारणी लागतं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर बारा महिने बघताबघता सरतात. हातात पदवी पडते, पण पद्धत अंगी येत नाही, आणि पीएचडीला अर्ज करताना नेमकी तीच उणीव आडवी येते.

ज्या अभ्यासाबद्दल हे परीक्षण आहे तो धर्मशास्त्राचा अभ्यास नाही. कुठला ग्रंथ खरा, देव आहे की नाही, हे प्रश्न इथे सोडवायचे नसतात. माणसं काय करतात, कुणाबरोबर करतात, त्याला पैसा कुठून येतो, त्यातून कुणाची पत वाढते आणि कुणाला उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं, हे बघायचं असतं. ब्रिटनमध्ये या वाटेला मोठं बळ मिळालं ते १९६७ मध्ये, धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी लँकेस्टर विद्यापीठात रिलिजस स्टडीजचा विभाग सुरू केला तेव्हा. अडचण अशी की आज मिळत्याजुळत्या नावांच्या पदव्या फार वेगवेगळ्या घरांत नांदतात. एडिंबरामध्ये रिलिजस स्टडीज हे डिव्हिनिटीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या, स्कूलमध्ये, माउंड टेकडीवरच्या न्यू कॉलेजात आहे. किंग्ज कॉलेज लंडनमध्ये ते थिऑलॉजीच्या जोडीने शिकवलं जातं. आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाला वाहिलेल्या लंडनच्या सोआसमध्ये प्रदेश आणि भाषा यांच्यावर भर. एलएसईमध्ये (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीपासून चालत आलेली मानववंशशास्त्राची, म्हणजे लोकांत राहून निरीक्षण करण्याची, फील्डवर्कची परंपरा. म्हणून पदवीच्या नावावर जाऊ नका, घर बघा. डिव्हिनिटीच्या घरात समाजशास्त्र शिकवत नाहीत असं मुळीच नाही, पण तिथे सहाध्यायींमध्ये पाद्री होऊ घातलेले विद्यार्थीही असतात आणि चर्चेचा ओघ ख्रिस्ती परंपरेकडे वळतो. वर्गात खंडोबाबद्दल बोलायचं तर आधी पाच मिनिटं खंडोबा कोण हे सांगण्यात जातात.

घर ओळखायची रीत सोपी आहे. कोर्सच्या पानावरच्या सक्तीच्या आणि ऐच्छिक पेपरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. सक्तीच्या यादीत 'रिसर्च मेथड्स' किंवा 'एथ्नोग्राफी' हे शब्द नसतील तर तो कोर्स मुख्यतः वाचनाचा आहे. मग शिकवणाऱ्यांची गेल्या पाच वर्षांतली प्रकाशनं बघा. ती कुठल्या नियतकालिकांत आहेत, त्यांत मुलाखती, सर्वेक्षण, प्रत्यक्ष निरीक्षण आहे की फक्त ग्रंथांचं विवेचन? आणि एक प्रश्न ईमेलने थेट विचारावा: येत्या वर्षी हा पेपर खरोखर चालणार आहे का? ब्रिटिश विद्यापीठांत मानव्यविद्यांच्या विभागांवर कपातीची कुऱ्हाड चालू आहे. माहितीपत्रकातले सहा ऐच्छिक पेपर प्रत्यक्षात तीन होतात, आणि ज्या प्राध्यापकासाठी आपण गेलो ते नेमके त्या वर्षी रजेवर असतात.

आता हिशेब. ब्रिटिश मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे कामाचे दहा तास धरतात. म्हणजे १८०० तास. त्यांतले ६० क्रेडिट, ६०० तास, बहुतेक ठिकाणी डिसर्टेशनला असतात आणि त्याची मर्यादा साधारण १०,००० ते १५,००० शब्दांची. उरलेले १२० क्रेडिट सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल या काळात उरकतात. तासिका कमी पाहून सुरुवातीला हायसं वाटतं, ते फार टिकत नाही. एका पेपरला आठवड्याला तीनचार लेख, म्हणजे ८० ते १२० पानं वाचायची. पेपर तीन असतील तर ३०० पानं. ही पानं पाठांतरासाठी नसतात. लेखकाचा दावा काय, पुरावा काय, पुरावा दाव्याला पुरतो का, एवढं प्रत्येक लेखाबद्दल अर्ध्या पानात लिहून सेमिनारला जायचं. परदेशी सेमिनारमध्ये आपल्या समाजाची चिकित्सा शास्त्राच्या भाषेत मांडणं आपल्याकडच्या माणसांना नवं नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला होता.

गुणांबद्दल आधीच सांगून ठेवतो. ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या निबंधाला ५८ पडले की आपल्याकडचा विद्यार्थी खचतो. खचू नये. बहुतेक वेळा गुण माहितीअभावी गेलेले नसतात, दावा शोधूनही सापडत नाही म्हणून गेलेले असतात. आपल्याकडच्या विद्यापीठीय उत्तरांत समाजशास्त्रज्ञ दुर्खीम काय म्हणतो, वेबर काय म्हणतो, असं क्रमाने मांडलं की काम होतं. तिथे तेवढ्यावर पन्नाशीतच राहता.

पद्धतीचा पेपर हा या वर्षाचा गाभा आहे, म्हणून त्याबद्दल थोडं खोलात. प्रश्नावलीतला एक शब्द बदलला की देशाचा धर्म कसा बदलतो, हे ब्रिटनच्याच आकड्यांवरून शिकवतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असं नोंदवलं. त्याच समाजात ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स हे सर्वेक्षण काही वर्षं आधीपासूनच हा आकडा निम्म्याच्या वर दाखवत होतं. कारण प्रश्नातच आहे. जनगणना विचारते, 'तुमचा धर्म कोणता?' म्हणजे धर्म आहे असं धरूनच चालते, आणि फॉर्म बऱ्याचदा घरातला एकजण सगळ्यांचा भरतो. सर्वेक्षण विचारतं, 'तुम्ही स्वतःला कुठल्या विशिष्ट धर्माचे मानता का?' बाप्तिस्मा झालेला पण चर्चची पायरी न चढणारा माणूस पहिल्या प्रश्नाला ख्रिस्ती असतो आणि दुसऱ्याला निधर्मी.

हेच भारतावर लावून बघावं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या २०१९-२० च्या भारतातल्या सर्वेक्षणात १७ भाषांत २९,९९९ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. आकडा भरभक्कम वाटतो. पण त्यात बौद्ध ७१९ आणि जैन १०९. एकशे नऊ माणसांच्या नमुन्यात अगदी साध्या रँडम निवडीचं सूत्र लावलं तरी चुकीची शक्यता दोन्ही बाजूंना सुमारे ९ टक्क्यांची येते. निवड गावागावांच्या गटांतून झालेली असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. मग 'इतके टक्के जैन असं मानतात' असं वाक्य लिहिताना हात आखडला पाहिजे. त्याच सर्वेक्षणात सुमारे एकतृतीयांश बौद्धांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं. हा आकडा श्रद्धा ढासळल्याची खूण म्हणून वाचणारा चुकतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात 'देव मानत नाही' हे धर्माचं पालनच आहे. सर्वेक्षण करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याचा तक्ता बरोबर असतो आणि निष्कर्ष चूक. मराठी विद्यार्थ्याकडे हे भांडवल आयतं असतं, ते त्याने वर्गात वापरावं.

दुसरी ठेच भाषेची. 'रिलिजन'ला आपण सरसकट धर्म म्हणतो, पण तुमचा धर्म कोणता असं गावात विचारलं तर कुणी जात सांगतं, कुणी संप्रदाय, कुणी कुलदैवत. त्यातलं 'खरं' उत्तर निवडायचं काम संशोधकाचं नाही. कुणाला काय विचारलं की काय सांगावंसं वाटतं, हीच नोंद. तसंच 'हिंदू धर्म ही जीवनपद्धती आहे' हे वाक्य निबंधात उत्तर म्हणून टाकलं की शेरा ठरलेला: हे कोण म्हणतं, केव्हापासून, कुणाशी बोलताना? श्रद्धाळू विद्यार्थी इथे अडतो आणि कट्टर विवेकवादी विद्यार्थीही तितकाच अडतो. एकजण अंगात येण्याला चमत्कार म्हणून थांबतो, दुसरा ढोंग म्हणून. झाडाला धरून बसलेल्या बाईभोवती कोण बसलंय, प्रश्न कोण विचारतं, नारळ कोण आणतं, हे दोघांच्याही नोंदवहीत येत नाही.

डिसर्टेशनवर सगळ्यात जास्त मनस्ताप होतो आणि तो टाळता येण्यासारखा असतो. वारीचं उदाहरण घेऊ, कारण मराठी विद्यार्थ्यांच्या मनात तो विषय पहिल्यांदा येतो. वेळापत्रक वरवर जुळतं: वर्ग वसंतात संपतात, वारी जून-जुलैत, डिसर्टेशन सप्टेंबरात. पण पंचांग दर वर्षी हलतं. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैवर गेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिसर्टेशन द्यायचं असेल तर पहिल्या वेळी हाती दोन महिने उरतात, दुसऱ्या वेळी जेमतेम सहा आठवडे. एक तासाची मराठी मुलाखत उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, लागतील तेवढे उतारे इंग्रजीत आणायला आणखी दोन. बारा मुलाखती म्हणजे सुमारे शंभर तास, आणि विश्लेषण अजून सुरूही झालेलं नाही. अधिक मासाच्या वर्षी सहा-सात मुलाखती आणि बारकाईचं निरीक्षण एवढंच ठरवावं.

त्याआधी एथिक्सची मंजुरी, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होणार नाही हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची परवानगी. ती नसताना घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही, नंतर परवानगी मिळत नाही. ब्रिटनच्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाची धार्मिक श्रद्धा ही विशेष संरक्षण असलेली माहिती धरतात, त्यामुळे धर्मावरचा फॉर्म सहसा साध्या यादीत न जाता सविस्तर छाननीला जातो. फेब्रुवारीत मसुदा, मार्चमध्ये अर्ज, एप्रिलमध्ये दुरुस्त्या, असा हिशेब ठेवला तर जूनला मोकळे होता. अर्जासोबत माहितीपत्रक, संमतीपत्र, जोखमीचा आढावा आणि ध्वनिमुद्रणं कुठे ठेवणार याची योजना लागते. ती स्वतःच्या फोनवर ठेवू नका, विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवा आणि उपकरणावरून पुसा. वाटेत नेट कुठे मिळेल, याचाही विचार त्या योजनेत हवा.

संमतीपत्र इथेच घसरतं. इंग्रजी नमुन्याचं शब्दशः मराठी करून वारकऱ्यापुढे ठेवलं की तो दचकतो. सही म्हणजे सातबारा, कर्ज, कोर्टकचेरी. म्हणून तोंडी संमतीची तरतूद अर्जातच मागून घ्यावी आणि ती का हवी हे दोन वाक्यांत लिहावं. समिती हे समजून घेते. पत्रक बोली मराठीत, पाऊण पानाचं असावं: मी कोण, काय विचारणार, नाव लिहिणार नाही, मधेच नको वाटलं तर थांबा म्हणा. दिंडीत आधी प्रमुखांशी बोलावं, पण त्यांचा होकार म्हणजे सगळ्यांचा होकार नव्हे, हे फॉर्ममध्ये स्पष्ट लिहावं. आणि नावं बदलून भागत नाही. 'रथापुढची अमुक क्रमांकाची दिंडी' असं लिहिलं की त्या वाटेवरचा कुणीही वीणेकऱ्यापर्यंत बरोबर पोचतो. क्रमांक गाळावा, गावाचा तालुकाही गाळावा.

भारतात परतणं जमणार नसेल तर लंडनमध्येच विषयांची वाण नाही. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, तिथला गणेशोत्सव हा स्वतंत्र डिसर्टेशनचा विषय आहे. मात्र तो ऑगस्टच्या अखेरीनंतर आला की कामाचा नाही, त्याची तयारी आणि समित्या अभ्यासाव्यात. नीसडनचं १९९५ साली उघडलेलं स्वामीनारायण मंदिर, किंग हेन्रीज रोडवरचं आंबेडकरांचं घर आणि तिथे येणारे लोक, १९६७ मध्ये लंडनला संघरक्षित या इंग्रज बौद्ध भिक्षूंनी सुरू केलेला आणि पुढे पुण्यात रुजलेला बौद्ध संघ, हे सगळं ट्यूबच्या तिकिटात जमतं. परीक्षकांचा अनुभव असा की आठ आठवडे एकाच ठिकाणी दर रविवारी गेलेल्या विद्यार्थ्याचं काम, दोन आठवड्यांत सगळी वारी पाहून आलेल्यापेक्षा अनेकदा सरस ठरतं.

पैशाचा भाग कोरडा, पण चुकवून चालत नाही. व्हिसासाठी फीचा बाकी भाग आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज नाकारला जातो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पण व्हिसा कोर्सनंतर चार महिने जास्तीचा मिळत असल्याने बारा महिन्यांच्या कोर्सला दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मास्टर्सवाल्यांचा डिसर्टेशनचा उन्हाळा हाही सत्रातच मोजतात. 'उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून भरून काढू' हा हिशेब चुकीचा आणि बेकायदा.

शिष्यवृत्त्यांत एक खाचखळगा विशेष सांगायला हवा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या आणि भूमिहीन मजुरांच्या ज्या मुलांना आपल्याच समाजाच्या धर्माचा अभ्यास जगाच्या भाषेत मांडायचा आहे, त्यांच्यावर हा उघड अन्याय आहे. अर्जाआधी चालू वर्षाची नियमावली शब्दन् शब्द वाचा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे जागतिक क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची बघतात, विभागाची नाही, त्यामुळे विषयात उत्तम पण क्रमवारीत मागे असलेलं विद्यापीठ हातचं जाऊ शकतं. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून आहे, ते कर्जरूपात मिळतं हे लक्षात ठेवावं.

इतर देशांशी तुलना केली तर ब्रिटनची उणी बाजू एकच आणि मोठी: घाई. पीएचडीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात, तेव्हा हातात मास्टर्सचा एकही निकाल नसतो आणि शिफारसपत्र देणाऱ्याने आपल्याला जेमतेम दहा आठवडे पाहिलेलं असतं. म्हणून मधे एक वर्ष जाणार असं धरूनच चाला. शिवाय ब्रिटिश पीएचडीचा पैसा दोन थैल्यांत असतो, समाजशास्त्रांसाठी ईएसआरसी आणि मानव्यविद्यांसाठी एएचआरसी. धर्म हा विषय दोहोंच्या मधोमध पडतो. ईएसआरसीकडे जायचं तर पद्धतीचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि सुरुवातीला सक्तीच्या पेपरचा आग्रह धरला तो यासाठीच.

पैसा कमी आणि वेळ जास्त असेल तर जर्मनी आम्हाला जास्त पटते. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ ची. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवलेले गुंथर सोन्थायमर तिथलेच. मास्टर्स दोन वर्षांचं आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना फी सत्राला १,५०० युरो. भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलं जाणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याची तयारी सहा महिने आधी सुरू करा. अमेरिकेत सरळ पीएचडी केली तर शिकवण्याच्या बदल्यात फीमाफी आणि वेतन मिळतं. दोन वर्षं वर्ग, मग सर्वंकष परीक्षा, मग फील्डवर्क, एकूण सहा-सात वर्षं. ज्याला हेच आयुष्यभर करायचं आहे हे नक्की ठाऊक आहे, त्याने ब्रिटनवर पैसे घालवण्याआधी तिथे अर्ज करून बघावा.

भारतात परतून शिकवायचं असेल तर एका वर्षाच्या पदवीला इथे मान्यता नसण्याचा जुना अडसर जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानंतर दूर झाला आहे. तरीही गुणपत्रकाची अधिकृत प्रत, १८० क्रेडिटचा तपशील आणि डिसर्टेशनची पदवीनंतरची प्रत तिथून निघण्याआधीच घ्या. समकक्षतेचं प्रमाणपत्र काढताना हे कागद लागतात, आणि विद्यापीठाचं ईमेल खातं बंद झालं की ते मागवायला आठवडे जातात.